डॉलरच्या नोटांना लाल डाग: बँका चोरीच्या पैशावर खूण कशी करतात?

ओंकार_कोलंबस

नमस्कार मंडळी. मी ओहायोत कोलंबसला एमएस करतोय. गेल्या शनिवारी जुना सोफा विकला. घेणाऱ्याने ऐंशी डॉलर रोख दिले, वीसच्या चार नोटा. तेव्हा घाईत नीट बघितलं नाही. रात्री पाकिटात ठेवताना लक्षात आलं की दोन नोटांच्या कडा लालसर-गुलाबी आहेत. एका नोटेच्या कोपऱ्यात रंग चांगलाच दाट आहे आणि तिथून आत पसरत गेलाय. पुसून पाहिला, निघत नाही.

एक रूममेट म्हणतो, हा बँक लुटलेला पैसा, डाय पॅकचा रंग आहे, हातही लावू नकोस. दुसरा म्हणतो, कुणाच्या तरी लाल टी-शर्टबरोबर खिशातच धुतल्या गेल्या असतील. हे डाय पॅक नक्की असतं काय? नोटेकडे बघून ओळखता येतं का? आणि मी स्टुडंट व्हिसावर आहे, उगाच काही लफडं तर होणार नाही ना? बाबा आपल्याकडे सहकारी बँकेत आहेत. त्यांना फोनवर विचारलं, तर त्यांनी असला प्रकार कधी पाहिलेला नाही. आपल्याकडे चोरीच्या पैशावर खूण करायची काही पद्धत आहे का?

निखिल_पुणे

फार विचार करू नकोस रे. रात्री एटीएमच्या डिपॉझिट मशीनमध्ये टाकून मोकळा हो. मशीनने घेतल्या तर घेतल्या.

सुनंदा_एडिसन

ओंकार, आधी कामाचं सांगते. त्या दोन नोटा खर्चू नकोस, आणि निखिल म्हणतोय तशा मशीनमध्ये तर मुळीच घालू नकोस. निखिल, राग मानू नकोस, पण रंग लागलेल्या नोटा माणसाच्या हातात न देता चालवायच्या म्हणून चोर नेमकं हेच करतात. कार वॉशची सुट्टे देणारी मशीन, कॅसिनोतली मशीन, असल्या जागा शोधतात. ओंकारने त्या एटीएममध्ये भरल्या तर त्याचा चेहरा, त्याचं खातं आणि त्या नोटा अशा तिन्ही गोष्टी एकाच नोंदीत येतील.

नोटा एका कागदी पाकिटात वेगळ्या काढून ठेव. सोफा घेणाऱ्याशी झालेले मेसेज पुसू नकोस. मग तुझ्या बँकेच्या शाखेत दिवसाउजेडी जा आणि काउंटरवर सरळ सांग की सोफा विकला, त्याचे पैसे म्हणून या नोटा आल्या. आपणहून घेऊन येणाऱ्याकडे कुणी संशयाने बघत नाही. पैसे परत मिळतीलच असं धरून चालू नकोस, पण चाळीस डॉलरसाठी रात्रीची झोप घालवू नकोस.

मी मूळची सांगलीची. न्यू जर्सीत एका बँकेच्या शाखेत बरीच वर्षं टेलर, म्हणजे काउंटरवरची कॅशियर होते, पुढे हेड टेलर झाले. बँकेचं नाव घेणार नाही. शाखेत आज काय कुठे ठेवतात तेही सांगणार नाही, कारण माझ्या मैत्रिणी अजून त्या खिडक्यांवर बसतात. सगळीकडे छापून आलेलं आहे तेवढं मात्र सविस्तर सांगते.

डाय पॅक दिसायला नोटांची साधी गड्डी. वर-खाली खऱ्या नोटा, कागदी पट्टी नेहमीचीच. मधे पोकळी आणि तिच्यात रंगाची पूड, ती उडवणारा थोडासा दारूगोळा आणि रेडिओ रिसीव्हर. १९६० च्या दशकात जॉर्जिया राज्यात हे निघालं. सुरुवातीच्या गड्ड्या कडक असायच्या, सराईत चोर वाकवून बघायचा आणि बाजूला टाकायचा. नंतर लवचिक आल्या. आता टेलरलाही हातात घेऊन फरक कळत नाही, म्हणून तिची जागा ठरलेली असते. ड्रॉवरमध्ये ती एका चुंबकी पट्टीवर ठेवतात. पट्टीवर आहे तोवर काही होत नाही. उचलली की ती सज्ज होते, पण तरीही लगेच फुटत नाही. दाराजवळ एक ट्रान्समीटर बसवलेला असतो. त्याच्या टप्प्यातून गड्डी बाहेर पडली की आतलं घड्याळ चालू होतं आणि साधारण दहा सेकंदांनी ती फुटते. लाल धूर, बऱ्याच पॅकमध्ये त्याच्याबरोबर अश्रुधूर, आणि गड्डी तापते ती जवळपास दोनशे अंश सेल्सियसपर्यंत. पिशवीत हात घालून तेवढीच काढून फेकावी म्हटलं तर हात भाजतो.

ही दहा सेकंदं फार विचार करून ठेवलेली आहेत. गड्डी आतच फुटली तर गिऱ्हाइकं धुरात सापडतात, आणि चोराकडे हत्यार असेल तर तो समोरच्या बाईवरच उलटणार. म्हणून चोर दाराबाहेर जाईपर्यंत सगळं शांत हवं. आम्हाला शिकवताना पहिलं वाक्य हेच असायचं: पैसा विम्यातून भरून येतो, माणूस येत नाही. मागेल ते द्या, वाद घालू नका, अंगात शौर्य आणू नका.

आमच्या शाखेत हे एकदा घडलं. फेब्रुवारी होता, पार्किंगच्या कडेने बाजूला सारलेल्या बर्फाचे ढीग. माझ्या शेजारच्या खिडकीवर एक माणूस आला. तोंडाला फडकं वगैरे काही नाही, साधं काळं जॅकेट. त्याने चिठ्ठी सरकवली. अमेरिकेत बँका जास्त करून अशाच लुटल्या जातात, चिठ्ठी देऊन नाहीतर हळू आवाजात सांगून. मी हाताच्या अंतरावर एका आजोबांचे पेन्शनचे पैसे मोजत होते आणि मला पत्ता लागला नाही. शेजारची मुलगी नवीन लागलेली. तिने ड्रॉवरमधलं सगळं काढून दिलं, त्यात ती गड्डीही गेली. माणूस चालत बाहेर पडला, धावलासुद्धा नाही. मग बाहेरून एक दबका आवाज आला, दार आपटल्यासारखा. काचेतून पाहिलं तर दोन गाड्यांच्या मधे लाल धुराचा लोट, आणि तो जॅकेट अंगातून ओरबाडून काढतोय. नोटा चिखलात आणि बर्फात पडल्या. जॅकेट तिथेच टाकून पळाला, आणि पोलिसांना दोन गल्ल्या पलीकडे सापडला तेव्हा मानेपासून मनगटापर्यंत लाल होता. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या गाडीच्या दारावरही रंग उडाला, तो शेवटपर्यंत पुरता निघाला नाही. आणि तो बर्फाचा ढीग मार्चमध्ये वितळेपर्यंत गुलाबी राहिला. येणारी-जाणारी मुलं थांबून बघायची.

आत लगेच दार बंद केलं गेलं. मॅनेजरने आम्हाला एकमेकींशी बोलू दिलं नाही. प्रत्येकीला वेगळा कागद दिला: उंची, अंगलट, केस, आवाज, कुठल्या हाताने चिठ्ठी दिली. आधी बोलणं झालं की एकीचं पाहिलेलं दुसरीच्या आठवणीत शिरतं, म्हणून ही खबरदारी. दाराच्या चौकटीला उंचीच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, कधी आलास-गेलास तर बघ. त्या नव्या मुलीने तो बाहेर पडताना त्याचं डोकं कुठल्या पट्टीला आलं ते बघून ठेवलं होतं. हात थरथरत होते तिचे, कागदावर अक्षर वाकडं आलं होतं, पण उंची बरोबर होती. मला तिचं आजही कौतुक वाटतं.

आता तुझ्या नोटा. डाय पॅकमधलं नेहमीचं रंगद्रव्य म्हणजे १-मिथिलअमिनोअँथ्राक्विनोन, व्यापारात त्याला डिस्पर्स रेड ९ म्हणतात. गड्ड्या घट्ट बांधलेल्या असतात, त्यामुळे रंग कडांवर दाट बसतो आणि आत जाताना विरळ होतो. कधी कडेला जळल्याचा तपकिरी डागही असतो. कपड्यांबरोबर धुतलेल्या नोटेवर रंग फिकट आणि सगळीकडे सारखा दिसतो, कागदही मऊ पडतो. तू सांगतोस ते वर्णन पहिल्या प्रकाराकडे झुकतंय. पण डोळ्यांवर कुणाला चोर ठरवता येत नाही. पोलीस अशा नोटा प्रयोगशाळेत पाठवतात, तिथे ते रसायन आहे की नाही हे तपासतात. ब्लीचने धुवायचा खटाटोप करणारे असतात, पण त्यात नोटेचीच शाई उतरते आणि ती आणखीच संशयास्पद दिसते.

एक सांगायचं राहिलं. रंगाने चोर सापडतो हा फायदा खरा, पण तो दुय्यम. पैसा चालेनासा होणं हे त्याचं मुख्य काम. नोट काउंटरवर ठेवल्याबरोबर समोरच्याने हात मागे घ्यायला हवा, तेवढं झालं की चोरी फुकट गेली. तुझ्या त्या पहिल्या रूममेटने केलं ते हेच.

ओंकार_कोलंबस

ताई, मनापासून आभार. उद्या सकाळी शाखा उघडली की जातो. मेसेज जपून ठेवलेत.

अजून एक विचारू का? काही बँका नोटांचे नंबर लिहून ठेवतात असंही वाचलं. पण त्याचा उपयोग काय? दुकानात किंवा बँकेत रोज हजारो नोटा येतात, प्रत्येकीचा नंबर कोण वाचत बसणार?

सुनंदा_एडिसन

बरोबर विचारलंस. त्याला इथे बेट मनी म्हणतात, म्हणजे आमिषाचा पैसा. ड्रॉवरमध्ये ठरावीक नोटा कायम वेगळ्या ठेवलेल्या, त्यांचे नंबर आधीच नोंदवलेले, आणि गिऱ्हाइकाला त्या कधीच द्यायच्या नाहीत. चोराला जातात तेव्हा पोलिसांकडे यादी तयार असते. १९६८ साली बँक प्रोटेक्शन ॲक्ट आला. त्याखालच्या नियमांत चोर ओळखण्याची साधनं म्हणून नंबर नोंदवलेल्या नोटा, रासायनिक साधनं आणि इलेक्ट्रॉनिक साधनं असा स्पष्ट उल्लेख आहे. इलेक्ट्रॉनिक म्हणजे आता गड्डीत बसणारा पातळ ट्रॅकर. त्याचा धूर नाही की आवाज नाही, चोर घरी पोचतो आणि मागून पोलीस पोचतात. रंगाने नोटा खराब होतात, ट्रॅकरने त्या धड परत मिळतात, म्हणून बऱ्याच बँका तिकडे वळल्या.

नंबर कोण वाचतं, याचं उत्तर माझ्या घराजवळचंच आहे. १ मार्च १९३२ ला इथे न्यू जर्सीत होपवेलजवळच्या घरातून वैमानिक चार्ल्स लिंडबर्गचं वीस महिन्यांचं बाळ पळवलं. खंडणीचे ५० हजार डॉलर दिले गेले आणि देण्याआधी त्या नोटांचे नंबर उतरवून घेतले. त्यातल्या बऱ्याच नोटा गोल्ड सर्टिफिकेट होत्या, म्हणजे सोन्याच्या मोबदल्याची हमी असलेल्या. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३३ मध्ये, सरकारने लोकांना सोनं आणि अशा नोटा जमा करायला सांगितलं. तिथून पुढे गोल्ड सर्टिफिकेट हातात आलं की माणूस दोनदा बघायला लागला.

सप्टेंबर १९३४ मध्ये मॅनहॅटनच्या एका पेट्रोल पंपावर एकाने दहा डॉलरचं गोल्ड सर्टिफिकेट दिलं. पंपावरच्या माणसाला नोट खोटी असेल अशी शंका आली, म्हणून त्याने गाडीचा नंबर नोटेच्या कडेलाच लिहून ठेवला. ती नोट बँकेत गेली. तिथल्या टेलरने ती यादीशी ताडून पाहिली. गाडीच्या नंबरावरून ब्रुनो रिचर्ड हाउप्टमानचं घर सापडलं आणि त्याच्या गॅरेजमध्ये खंडणीतले १३ हजारांहून जास्त डॉलर. फ्लेमिंग्टनला १९३५ साली खटला चालला. त्या कोर्टाच्या इमारतीवरून मी कितीदा गेले असेन. त्या खटल्याबद्दल अजूनही वाद घालणारे आहेत, पण नोटांचा माग कसा लागला याबद्दल वाद नाही. एक पंपावरचा माणूस आणि एक टेलर, दोघांनी आपापल्या कामात डोळे उघडे ठेवले.

आणि उलट उदाहरण डी. बी. कूपरचं. नोव्हेंबर १९७१, विमान पळवून दोन लाख डॉलर घेतले आणि पॅराशूटने उडी मारली. सगळ्या वीसच्या नोटा, सगळ्यांचे नंबर नोंदवलेले. १९८० साली कोलंबिया नदीच्या काठी एका लहान मुलाला वाळूत ५,८०० डॉलर मिळाले. बाकीची एकही नोट कुठल्या काउंटरवर आली नाही, आणि यादी तशीच पडून राहिली.

हेडकॅशियर_सातारा

सुनंदाताई, फार चांगलं लिहिलंत. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो, शेवटची वर्षं करन्सी चेस्टला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटांचा साठा ठेवतात तिथे होतो. ओंकार, तुझ्या बाबांचं बरोबर आहे. मी काम केलं त्या कुठल्याच शाखेत डाय पॅक नव्हतं.

आपल्याकडे खूण नोटेवर नसते, पट्टीवर असते. शंभर नोटांचं पॅकेट, दहा पॅकेटांचं बंडल. प्रत्येक पॅकेटच्या कागदी पट्टीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि मोजणाऱ्याची सही. पूर्वी पॅकेटला पिना मारायचे, २००१ साली रिझर्व्ह बँकेने ते बंद केलं, तेव्हापासून पट्टीलाच महत्त्व आलं. चोरी पकडली गेली आणि पॅकेटं फोडलेली नसली, तर पोलीस पट्टी बघून थेट शाखेत येतात. एकदा माझ्याच सहीच्या पट्ट्या घेऊन एक फौजदार टेबलासमोर उभा राहिला होता. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका घरफोडीचा माल होता, व्यापाऱ्याने आमच्याकडून काढलेली रक्कम. पट्टीवर तारीख होती, तारखेवरून चेक निघाला आणि चेकवरून तो व्यापारी. अर्ध्या तासात काम झालं. पण पट्टी फाडून चुलीत घातली असती तर मी काहीही सांगू शकलो नसतो.

नंबर म्हणाल तर छापखान्यातून आलेल्या कोऱ्या पॅकेटांचे नंबर ओळीने असतात, त्यामुळे पहिला-शेवटचा माहीत असला की बाकीचे कळतात. २००६ पासून त्यात तारांकित नोटाही येतात, म्हणजे छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी नंबरात तारा असलेली दुसरी घालतात. तेवढं ध्यानात ठेवावं लागतं. जुन्या, फिरत्या नोटांची मात्र कुठेच नोंद नसते. आणि चोरीला बहुतेक जातात त्या जुन्याच.

ॲड_मंगेश_नागपूर

खुणेच्या नोटांचा विषय निघालाय म्हणून एक आपल्या मातीतली पद्धत सांगतो. बँकेची नाही, पण नाव तुम्ही रोज पेपरात वाचता: लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा.

महाराष्ट्रात त्यासाठी अँथ्रासीन पावडर वापरत आले आहेत. साध्या उजेडात नोटेवर ती दिसत नाही, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर चमकते. आधी दोन पंचांसमोर तक्रारदाराच्या नोटांचे नंबर लिहून घेतात. मग पावडर लावलेली आणि न लावलेली नोट दिव्याखाली धरून पंचांना फरक दाखवतात. नोटा तक्रारदाराच्या खिशात एक कर्मचारीच ठेवतो, तक्रारदाराने त्यांना हात लावायचा नाही. समोरच्याने मागितले तरच काढून द्यायचे, आणि दिल्यावर ठरलेली खूण करायची, डोक्यावरून हात फिरवणं किंवा तसलं काही. पथक आत शिरतं आणि पहिली गोष्ट म्हणजे साहेबाचे दोन्ही हात दिव्याखाली. बोटांची टोकं, खिशाचं अस्तर, टेबलाचा खण, जिथे जिथे पैसा टेकला तिथे ते चमकणं दिसतं. इतर अनेक राज्यांत आणि सीबीआयकडे फिनॉल्फ्थॅलीन वापरतात, तिथे हात सोड्याच्या द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी होतं.

बँकेचा रंग सगळ्यांना दिसावा म्हणून असतो, ही पावडर कुणालाच दिसू नये म्हणून. आणि कायद्याच्या दृष्टीने नुसती पावडर पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं की लाचेची मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायला हवेत. ते परिस्थितीजन्य पुराव्यानेही होऊ शकतात, पण व्हायला हवेतच. मी बचावाच्या बाजूने उभा राहिलोय आणि सरकारच्या बाजूनेही. हाताला पावडर लागलेली असूनही सुटलेली माणसं पाहिली आहेत, कारण पंच कोर्टात मागणीचे शब्द नीट सांगू शकला नाही. म्हणून पंच म्हणून बोलावलं तर टाळाटाळ करू नका. नीट कान देऊन ऐका आणि लक्षात ठेवा.

स्नेहल_आइंडहोवन

इकडे युरोपात रंग टेलरच्या ड्रॉवरमध्ये कमी आणि कॅश व्हॅनच्या पेटीत नाहीतर एटीएमच्या कॅसेटमध्ये, म्हणजे आतल्या नोटांच्या डब्यात जास्त. पेटी फोडली, वाकवली, स्फोट झाला की आतली शाई नोटांवर सुटते. युरोपियन सेंट्रल बँकेचं सगळ्यांना सांगणं आहे की अशी डागाळलेली नोट घेऊ नका. कुणाकडे आलीच तर मध्यवर्ती बँकेत ओळखपत्र आणि डाग कसा लागला याचा लेखी खुलासा द्यावा लागतो.

नेदरलँड्समध्ये एटीएम स्फोटाने उडवणाऱ्या टोळ्यांचा फार उच्छाद होता. बरीच एटीएम रहिवासी इमारतींच्या तळमजल्यावर असतात, वर लोक झोपलेले. डिसेंबर २०१९ पासून इथली एटीएम रात्री ११ ते सकाळी ७ बंद ठेवायला लागले, आणि पुढे नोटा एकमेकींना चिकटवून टाकणारा गोंदही आला. टोळ्या मग सीमा ओलांडून जर्मनीत जायला लागल्या. तिथे २०२२ मध्ये अशा ४९६ घटना नोंदवल्या गेल्या. एका देशाने कुलूप घट्ट केलं आणि शेजाऱ्याला त्याचा त्रास झाला, हे मला फार लागतं.

निखिल_पुणे

मशीनचा सल्ला मागे घेतो, सुनंदाताई. पण काका, एक प्रश्न. आपल्याकडे गॅस कटरने एटीएम फोडल्याच्या बातम्या सारख्या येतात. २०२२ मध्ये मिरज तालुक्यात आरगला तर जेसीबी लावून एटीएम उखडलं होतं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. मग स्नेहल म्हणते तशी शाई आपल्या एटीएममध्ये का नको?

हेडकॅशियर_सातारा

निखिल, हवीच आहे. पण आधी आपल्या नोटांकडे बघ. लक्ष्मीपूजनाला गड्डीवर हळदकुंकू पडतं. ओटीत घातलेल्या नोटेला कुंकवाची बोटं असतात. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर हिरव्या-गुलाबी नोटांचा ढीग यायचा, आणि आम्ही त्या घ्यायचो. घ्यायलाच हव्यात. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं स्पष्ट आहे की लिहिलेली किंवा रंग लागलेली नोट चलनातच राहते, नंबर वाचता आला म्हणजे झालं. राजकीय घोषणा लिहिलेली असेल तर मात्र तिचं मूल्य जातं. सुनंदाताई म्हणाल्या की समोरच्याने हात मागे घ्यायला हवा. आपल्याकडे डाग बघून कुणी हात मागे घेत नाही. भाजीवाली घेईल, एसटीचा कंडक्टर घेईल, आणि त्यात त्यांचं काहीच चुकणार नाही.

म्हणून माझं मत असं की आधी नियम व्हावा. चोरीविरोधी शाईचा डाग वेगळा धरावा, अशी नोट कुणी आणली तर ओळख आणि खुलासा घेऊनच स्वीकारावी, आणि हे रेडिओवर, एसटी स्टँडवर, रेशन दुकानात सगळीकडे सांगावं. नाहीतर खरा फटका गरिबाला बसेल. आठवडी बाजारात शेळी विकणाऱ्याच्या हातात तसल्या नोटा येतील, आणि तो ओंकारसारखा इथे विचारायला येणार नाही.

तोवर लोखंड आणि सिमेंटवरच भर आहे. जून २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एटीएम भिंतीला, खांबाला किंवा जमिनीला पक्कं बसवायला सांगितलं, विमानतळासारख्या बंदोबस्ताच्या जागा सोडून. त्याआधी २०१८ मध्ये उघड्यावर नोटा भरण्याऐवजी कुलूपबंद कॅसेटच बदलायची पद्धत आणायला सांगितलं. ही पद्धत शाईला सोयीची आहे, कारण शाईची कुपी कॅसेटमध्येच बसते. सुरुवात करायची तर रात्री रखवालदार नसलेल्या, हायवेलगतच्या गावांतल्या एटीएमपासून करावी. आणि शाई लाल किंवा पिवळी घेऊ नये, कुंकवाच्या आणि हळदीच्या नोटांत ती मिसळून जाईल. गडद जांभळी घ्यावी.